बैठकीत मौन, बांधावर भांडण

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

माझे वय छत्तीस. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी गुणवत्ता विभागात आहे. जूनपासून आमच्या एका हाउसिंगच्या (यंत्राच्या बाह्य कवचाच्या) कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव नगात, ब्लोहोल (वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या) येत असून शंभरातले सहा नग ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर नाकारले जातात. माझ्या मते रात्रपाळीत साच्याच्या वाळूतला ओलावा वाढतो, हे त्याचे कारण आहे. मोल्डिंग शॉपचे, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागाचे, प्रमुख म्हणतात की कोअर (नगातली आतली पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) दमट येतात आणि ते तपासणे तुमचे काम आहे. बैठकीत मोठ्या साहेबांसमोर मी काहीच बोललो नाही. त्याच रात्री मात्र ओलाव्याच्या नोंदवहीचा फोटो, ‘आता तरी डोळे उघडा’ असे लिहून, कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून प्रमुख माझ्याशी कामापुरतेही बोलत नाहीत.

घरी याच्या उलट आहे. शिरोळ तालुक्यातली आमची चार एकर शेती थोरला भाऊ पाहतो. उसाला ठिबक करावे म्हणून मी दोन वर्षे सांगतो आहे, दादा ऐकत नाही. गणपतीत सगळ्यांसमोर आवाज चढले. ‘मग वाटणी करून घे’ असे तो म्हणाला, आणि आता आमचे निरोप वहिनी व माझी पत्नी यांच्यामार्फत जातात. कामावर माझे तोंड उघडत नाही आणि घरी मिटत नाही. मी गप्प बसायला शिकू की भांडायला? चाकणच्या एका कंपनीतून बोलावणे आले आहे. जावे का?

— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

गप्प बसावे की भांडावे, असे तुम्ही विचारता. परंतु पत्र वाचल्यावर मला तुमची अडचण त्याच्या अलीकडची वाटते. वाद नेमका कशाचा आहे हे ठरवण्याआधीच तुम्ही दोन्ही ठिकाणी त्यात उतरलात. फाउंड्रीतला वाद तपासून निकाल लावता येईल अशा गोष्टीचा आहे, आणि तो तुम्ही मानापमानाचा करून ठेवलात. घरचा वाद जोखमीचा आणि मानाचा आहे, आणि तो आकडे पुढे केल्याने मिटेल अशा समजुतीने तुम्ही दोन वर्षे लढवीत आहात. या दोहोंची अदलाबदल केली असती, म्हणजे शॉपमध्ये आकडे आणि घरी माणूस असा क्रम ठेवला असता, तर कदाचित हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

यात आपल्या गावच्या वळणाचाही थोडा भाग आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्त्या पाहत वाढलेल्या माणसाला कोणीतरी चितपट झाल्याशिवाय निकाल लागला असे वाटतच नाही. मैदानात ते योग्य आहे, कारण तिथे हरलेला मल्ल दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्याच्या शेजारी उभा राहून एकच हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा वितळलेला धातू, ओतत नाही. तुम्हाला आणि मोल्डिंगच्या प्रमुखांना तेच करायचे आहे. आपण कोल्हापूरकर तोंडावर बोलणारे म्हणून स्वतःची मोठी तारीफ करतो, पण ही रोखठोक भाषा बहुधा बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाशी चालते. मोठे साहेब समोर असले की सगळे ‘होय साहेब’ म्हणतात आणि खरी बैठक नंतर गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर भरते. तुम्ही त्या गाड्याऐवजी व्हॉट्सॲप निवडलेत, एवढाच फरक. आणि तो फरक तुम्हाला महाग पडला, कारण गाड्यावरचे बोलणे हवेत विरते आणि ग्रुपवरचे राहते.

प्रथम ब्लोहोलकडे येऊ, कारण तो सोपा प्रश्न आहे.

तुमचे म्हणणे खोटे नाही. रिटर्न सँड, म्हणजे एकदा वापरून परत आलेली वाळू, पुरेशी थंड न होता मिक्सरमध्ये परत आली की तिच्यातले पाणी उडून जाते, ऑपरेटर अंदाजाने जास्त पाणी घालतो, आणि मग एका बॅचची वाळू कोरडी तर दुसरीची ओली निघते. ओल्या वाळूत तापलेला धातू पडल्यावर होणाऱ्या वाफेला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ती कास्टिंगमध्ये पोकळी करून बसते. हे तुम्ही मला शिकवाल इतके तुम्हाला ठाऊक आहे. प्रमुखांचे म्हणणे मात्र तुम्ही एका ओळीत उरकले आहे. ते म्हणतात, कोअर दमट असतात. कोअरवरचा पाण्यातला लेप नीट वाळवला नसेल, किंवा तयार कोअर पावसाळ्याच्या हवेत दोन-तीन दिवस मांडणीवर पडून राहिले असतील, तर ते ओल धरतात आणि त्या ओलीचाही वायूच होतो. आता तुमच्याच पत्रातला एक शब्द पुन्हा वाचा. दोष ‘जूनपासून’ आला, असे तुम्ही लिहिले आहे. जूनमध्ये कोल्हापुरात पाऊस सुरू होतो. हा शब्द तुमच्यापेक्षा त्यांच्या बाजूने अधिक बोलतो, आणि तो तुम्ही स्वतः लिहिलेला असूनही तुमच्या ध्यानात आला नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की चाचणीचा प्रस्ताव घेऊन जाण्याआधी त्यांचे म्हणणे एका कागदावर त्यांच्या बाजूने लिहून काढा. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती. समोरच्याचे मत आधी त्याच्या पूर्ण बळासह सांगायचे आणि त्यानंतरच आपला सिद्धान्त मांडायचा, असा तो प्रघात. तुमच्या बाबतीत त्याची कसोटी सोपी आहे: तो कागद वाचून प्रमुखांनी ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हटले पाहिजे. त्यांनी तसे म्हटले नाही, तर तुम्ही अजून त्यांच्याशी वाद घालत नसून तुमच्या मनातल्या कोणा दुसऱ्याशीच घालत आहात.

त्याच कागदावर स्वतःच्या पुराव्याची उलटतपासणीही करा. ज्या नोंदवहीचा फोटो तुम्ही टाकलात, तिच्यात रात्रपाळीत ओलावा किती वेळा मोजलेला आहे? पाळीत एकदाच मोजला असेल, तर त्या एका आकड्यावरून आठ तासांच्या वाळूबद्दल बोलता येत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर ब्लोहोल आपोआप कमी झाले का, हेही तुम्ही लिहिलेले नाही. झाले असतील, तर ते आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि चाचणी आता, थंडीत घेतली तर कोअर निर्दोष ठरण्याची शक्यता वाढेल आणि तुम्हाला एक खोटा विजय मिळेल, जो पुढच्या जुलैत उलटेल. म्हणून चाचणीसाठीचे काही कोअर मुद्दाम चार दिवस आधी बनवून पावसाळ्यात असतात तशा दमट जागी ठेवावे लागतील. ही अट तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारी आहे. म्हणूनच ती तुम्ही स्वतः सुचवावी. आपल्या विरोधात जाऊ शकणारी अट ज्याने आपण होऊन मांडली, त्याच्या हेतूबद्दल समोरच्याच्या मनात शंका उरत नाही, हे मी कारखान्यांतल्या तंट्यांत मध्यस्थ म्हणून बसताना पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

चाचणी कशी असावी हे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कारखान्यांत चाचणीच्या नावाखाली दहा नग काढले जातात आणि ते चांगले निघाले की ज्याने सुचवले तो जिंकला असे धरले जाते. शंभरात सहा नग खराब निघत असतील, तर काहीही न बदलता काढलेले दहा नगसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा सगळे चांगलेच निघतील. दहा नगांनी काहीच सिद्ध होत नाही. पन्नास नगांत एकही दोष योगायोगाने न येण्याची शक्यता मात्र शंभरात पाचाहून कमी आहे. म्हणून चार गट करा: ओलावा दर बॅचला मोजून राखलेली वाळू आणि ओव्हनमधून ताजे काढलेले कोअर; तीच वाळू आणि दमट ठेवलेले कोअर; नेहमीची रात्रपाळीची वाळू आणि ताजे कोअर; नेहमीची वाळू आणि दमट कोअर. प्रत्येक गटात पन्नास, म्हणजे एकूण दोनशे नग. प्रत्येक हीटमध्ये चारही गटांचे मोल्ड असू द्या, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की त्या हीटचे ओतण्याचे तापमानच कमी होते, आणि ते म्हणणे खोडून काढता येणार नाही. नगांवर गटाची खूण असू द्या, पण तपासणाऱ्याला तिचा अर्थ सांगू नका. तुमचे ब्लोहोल मशीनिंगशिवाय दिसत नाहीत, म्हणून ग्राहकाची वाट न पाहता हे नग जवळच्या मशीनशॉपमध्ये लगेच करून घ्या.

यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र तांत्रिक नाही. कोणता निकाल आला तर काय मान्य करायचे, हे पहिला मोल्ड भरण्याआधी दोघांनी लिहून त्यावर सही करायची. दोष दुसऱ्या आणि चौथ्या गटात आला तर कोअर, तिसऱ्या आणि चौथ्या गटात आला तर वाळू, आणि केवळ चौथ्यात आला तर दोन्ही मिळून. मला स्वतःला हा शेवटचा निकाल सर्वाधिक संभवनीय वाटतो. तो आला, तर इतके महिने दोघेही अर्धे बरोबर होता असे निघेल. निकाल आल्यावर त्याचा अर्थ लावू लागलात, तर जो तो आपापल्या सोयीचा अर्थ लावील आणि दोनशे नग वाया जातील.

आता हा प्रस्ताव त्यांच्यापर्यंत न्यायचा कसा? ते तुमच्याशी बोलत नाहीत. तुम्ही लिहिलेले नाही, पण मोल्डिंगचे प्रमुख बहुधा उद्यमनगरातल्या एखाद्या लहान शेडमध्ये हाताने काम शिकलेले, मुठीत वाळू दाबून ती मोडताना कशी तुटते यावरून ओलावा ओळखणाऱ्या पिढीतले असावेत. अशा माणसाला मोठ्या साहेबांसह सगळे ज्यात आहेत त्या ग्रुपवर ‘डोळे उघडा’ असे म्हणणे हा वाळूबद्दलचा मुद्दा उरत नाही. त्याला पुढचे सगळे आकडे त्याच अपमानाचा पुढचा हप्ता वाटतात. म्हणून मान आणि मुद्दा वेगळे करून दोन दिवसांत दोन वेगळी बोलणी करा. पहिल्या दिवशी केबिनमध्ये न जाता पाळी सुरू होण्याआधी शॉपमध्येच त्यांना गाठा आणि एवढेच म्हणा: ‘साहेब, त्या दिवशी मी ते ग्रुपवर टाकायला नको होते. मुद्दा मला अजून बरोबर वाटतो, पण तो आधी तुमच्याकडे आणायला हवा होता. चूक झाली.’ मुद्दा सोडल्याचे नाटक करू नका. ते त्यांना ओळखू येईल. दिलगिरी जागेबद्दल आणि शब्दांबद्दल आहे, मताबद्दल नाही, हे स्पष्ट राहू द्या. आणि ग्रुपवर जे झाले ते ग्रुपवरच दुरुस्त करा: तो संदेश पुसून न टाकता त्याच्याखाली दोन ओळी लिहा. चारचौघांत केलेल्या अपमानाची एकांतातली माफी अर्धीच पोचते.

कागद घेऊन दुसऱ्या दिवशी जा. त्या दिवशी सुरुवात प्रश्नाने करा, आणि प्रश्न खरा असू द्या. मुठीत वाळू दाबल्यावर त्यांना काय कळते, रात्रपाळीत ते हात कोणाचे असतात, हे विचारा. कदाचित उत्तरातून तुम्हाला नोंदवहीत नसलेली माहिती मिळेल, ती म्हणजे रात्री मिक्सरवर नवा माणूस असतो आणि त्याच्या मुठीला अजून ते ज्ञान आलेले नाही. तसे निघाले, तर तुमचा ओलाव्याचा मुद्दा त्यांच्याच तोंडून सिद्ध होईल, आणि त्यात त्यांचा काही कमीपणाही राहणार नाही.

बैठकीतल्या मौनाबद्दल थोडेसेच सांगतो. तुम्ही भित्रे आहात असे मला वाटत नाही. साहेबांसमोर आपला अंदाज चुकला तर काय, या भीतीने तुम्ही थांबलात आणि रात्री, जिथे समोरून लगेच उत्तर येत नाही अशा जागी, तुम्हाला बळ आले. त्यावर उपाय असा, की बैठकीत ज्याला विरोध करायचा आहे त्याला तो आदल्या दिवशीच सांगून ठेवावा. ज्याला आधीच ठाऊक आहे तो बैठकीत दचकत नाही, आणि जो दचकत नाही तो चिडतही नाही. मग बैठकीत पहिल्या दहा मिनिटांतच एक साधे वाक्य बोला: ‘माझे मत वेगळे आहे, कारण असे आहे, आणि ते तपासायला एवढा वेळ लागेल.’ निर्णय तुमच्या विरुद्ध गेला, तर तुमचे मत इतिवृत्तात नोंदवायला सांगा, फेरविचाराची तारीख मागा, आणि तोवर तो निर्णय मनापासून राबवा. मनात अढी ठेवून अर्धवट राबवलेला निर्णय फसला की कोण बरोबर होते हे कधीच कळत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि फाउंड्रीतल्या माणसाला तो सांगितलाच पाहिजे. भट्टीत ओले किंवा बंद पोकळीचे भंगार जाताना दिसले, तर आदला दिवस, पूर्वपक्ष, इतिवृत्त यांतले काहीही पाहू नका. वितळलेल्या धातूखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू स्फोटासारखा बाहेर फेकला जातो. तिथे ओरडायचे, समोर कोणीही असो. रिजेक्शनचा वाद आणि जिवाचा वाद यांना एकच रीत लावणारा माणूस धोकादायक असतो.

आता घर. इथे मला तुमच्याबद्दल थोडे कठोर लिहावे लागेल.

ठिबकाबद्दल तुम्ही जे सांगता त्यात मला चूक दिसत नाही. शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षे पाटाने बेसुमार पाणी दिल्याने आणि निचऱ्याअभावी मोठे क्षेत्र क्षारपड झाले, हे तुमच्या गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दादांना तर नाहीच. मग ते ‘नाही’ का म्हणतात? दोन वर्षांत तुम्ही त्यांना किती गोष्टी सांगितल्या हे पत्रात आहे. तुम्ही त्यांना काय विचारले हे मात्र कुठेच नाही. मी तुमच्या दादांना ओळखत नाही, तरी शिरोळकडच्या शेतकऱ्याच्या मनात काय काय असू शकते याचा अंदाज करता येतो. तुमचे पाणी उपसा संस्थेच्या पाळीने येत असेल, तर ठिबकाला लागते तसे थोडे थोडे, वारंवार पाणी मिळणार कसे? पाळीपाळीच्या मधल्या दिवसांसाठी साठवण हवी. तिला जागा आणि पैसा कोण देणार? शेतीची वीज रात्री आली तर फिल्टर धुवायला बांधावर कोण जाणार? लॅटरल, म्हणजे ठिबकाच्या रानभर पसरलेल्या नळ्या, उंदरांनी कुरतडल्या तर? आणि सर्वांत मोठी गोष्ट, 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेचे पाणी ज्या शिवारांत जाऊन बसले, त्यांतले तुमचे रान असेल तर ते सगळे साहित्य पुरात गेल्यावर पुन्हा उभे कोण करणार? यांतला प्रत्येक प्रश्न खरा आहे आणि यांतल्या एकाचेही उत्तर पाण्याच्या बचतीच्या आकड्यात नाही.

आणि हे सगळे ज्याने सोसायचे तो माणूस बारा महिने रानात असतो. सल्ला देणारा मात्र रविवारी येतो आणि सोमवारी शिरोलीला जातो. त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, टनेज घटले तरी होतो. दादांच्या मनात हे कधीतरी आले नसेल असे मला वाटत नाही, आणि गणपतीत पाहुण्यांसमोर धाकट्याने शेती कशी करावी हे सांगितल्यावर ते तोंडून निघाले, वाटणीच्या रूपाने. तो शब्द तुम्ही कायद्याची मागणी समजू नका आणि वकिलाकडेही जाऊ नका. ‘तू वाटेकरी आहेस, पण कष्टात नाहीस’ एवढेच ते वाक्य सांगते. उद्या खरोखर सातबाऱ्याचा विषय निघाला, तर तो स्वतंत्रपणे, शांतपणे बोलता येईल. ठिबकाच्या वादात तो मिसळू देऊ नका.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने 1925 मध्ये संघर्षाच्या विधायक उपयोगाबद्दल मांडणी केली होती. तिने तिथे वाचनालयातला एक साधा प्रसंग सांगितला. एका वाचकाला खिडकी उघडी हवी होती, तिला स्वतःला बंद. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला ती विशिष्ट खिडकी उघडी नको होती, हवा हवी होती. आणि तिलाही हवा नको होती असे नव्हते, फक्त उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. खिडकी अर्धी उघडण्याची तडजोड केली असती तर दोघेही अर्धवट नाराज राहिले असते. तुमच्याकडे जो तो सुचवतो ती ‘दोन एकर ठिबक, दोन एकर पाट’ ही तडजोड मला तशीच अर्धी खिडकी वाटते. पाळीचा आणि पुराचा प्रश्न दोन एकरांतही तेवढाच राहतो. तुम्हाला हवी आहे जमीन पुढच्या पिढीपर्यंत चांगली राहणे. दादांना हवे आहे यंदाच्या उसाचे बिल बुडू न देणे आणि आपल्या रानातला निर्णय आपल्या हातात असणे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. कदाचित पहिले पाऊल ठिबकाचे नसेलच. निचऱ्याचे चर खणणे असेल, माती तपासून घेणे असेल, दोन पाळ्यांमधले अंतर वाढवणे असेल. ते दादा सांगतील, विचारले तर.

तरीही ठिबकच योग्य आहे असे तुमचे ठाम मत राहिले, तर एक गोष्ट करून पाहा, जी बहुतेक सल्लागार करत नाहीत. जोखीम तुम्ही घ्या. ‘एका एकरात करू. खर्च माझा. तुझ्या इतर रानाच्या सरासरीपेक्षा टनेज कमी निघाले, तर ती घट माझ्या पगारातून भरीन. पूर आला तर नुकसान माझे. कोणते रान द्यायचे, कधी थांबायचे, ते तू ठरव.’ हे म्हणताना तुमची जीभ अडखळली, तर आपल्या आकड्यांवर आपलाच किती विश्वास आहे हे तुम्हालाही कळेल.

बोलणे सुरू करायचे कसे? वहिनींना आणि पत्नीला आधी या कामातून मोकळे करा. निरोप पोचवणाऱ्याला दोन्हीकडचा राग सोसावा लागतो, शब्द वाटेत बदलतात, आणि उद्या तुम्ही दोघे भाऊ गोड झालात तरी त्या दोघींत काहीतरी राहून जाते. मध्यस्थ लागलाच, तर मामा किंवा दोघांनाही मानतील असा एखादा वडीलधारा शोधा, पण त्याला न्याय करायला बोलावू नका. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकारी होता, त्याला निकाल देण्याचा अधिकारच नव्हता. त्याने दोन्ही बाजू ऐकायच्या आणि त्यांना एकमेकांशी समझोता करायला प्रवृत्त करायचे, एवढेच त्याचे काम. निकाल देता येत नसल्यामुळेच लोक त्याच्यापाशी खरे बोलत. मामांनाही तेवढेच सांगा. शक्य असेल तर मात्र तुम्ही एकटेच जा, रविवार सोडून रजा काढून जा, आणि दिवसभर दादांबरोबर रानात काम करा. पहिल्या भेटीत ठिबक हा शब्द उच्चारू नका.

आणि एवढे करूनही दादा ‘नाही’च म्हणाले तर? म्हणू शकतात. सगळे मतभेद मिटत नाहीत, आणि न मिटलेला मतभेद म्हणजे बिघडलेले नाते असे मानण्याचे कारण नाही. टिळक आणि आगरकर यांना 1882 मध्ये, आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या प्रकरणी तिथल्या दिवाणांविरुद्ध लिहिल्याबद्दल, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढावे लागले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, यावर त्यांचे जुळले नाही. आगरकर 1887 मध्ये केसरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 1888 मध्ये सुधारक सुरू केले. दोन मतांना दोन पत्रे मिळाली, ही त्या वादातली चांगली बाजू मी मानतो. महाराष्ट्राला दोन्ही वाचायला मिळाली. वाईट बाजू ही, की दोघांनी एकमेकांवर धरलेली लेखणी अनेकदा मुद्दा सोडून माणसाकडे वळली. दादांशी ठिबकावर जमले नाही, तर शेतीचा निर्णय त्यांचा राहू द्या आणि तुम्ही वेगळी जबाबदारी घ्या. मुलांच्या शिक्षणाची, आईवडिलांच्या औषधोपचाराची, उसाच्या बिलाच्या कागदपत्रांची, जी घरात कोणाला तरी करावीच लागते.

राहिला चाकणचा प्रश्न. मुलाखत जरूर द्या. पगार, अंतर, पत्नीचे मत, मुलांची शाळा या गोष्टी तोलून जायचे तर जा. त्यात गैर काही नाही. पण सध्याच्या मनःस्थितीत राजीनामा लिहू नका. दोनशे नगांची चाचणी, तयारी धरून, महिन्याभरात उरकेल. तिचा निकाल काहीही लागला तरी चाकणच्या मुलाखतीत मागची नोकरी का सोडता असे विचारतील, तेव्हा तुमच्याजवळ एका अबोल्याऐवजी एका सोडवलेल्या दोषाची हकिकत असेल. आणि गेलातच, तर जाण्याआधी तो चाचणीचा कागद, दोघांच्या सह्यांसह, मोल्डिंगच्या प्रमुखांकडे ठेवून जा. जूनमध्ये त्यांना तो लागेल.